ब्रॉयलर पक्ष्यांचे पाय प्रत्येक बॅचला पडत असतील तर काय तपासावे: शेड, खाद्य आणि वनौषधी पूड

नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर, काटोल, उमरेड, मौदा अशा कोणत्याही भागातील कुक्कुटपालकाशी बोलले, तरी पावसाळा लागल्यानंतर एक तक्रार ठरलेली असते. पिल्ले तीन आठवड्यांपर्यंत व्यवस्थित चालतात, वजनही धरतात आणि मग चौथ्या आठवड्यापासून रोज काही पक्षी फीडरपाशी बसलेले आढळू लागतात. उठवले तर दोन पावले टाकून पुन्हा बसतात, पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि लिफ्टिंगच्या, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलण्याच्या वेळी व्यापारी त्यांना कल, म्हणजे नाकारलेला पक्षी, म्हणून बाजूला काढतो. त्यावर बहुतेक ठिकाणी उपायही ठरलेलाच असतो: पाण्यातून लिक्विड कॅल्शियम द्यायचे आणि खाद्यातून हाडांसाठी म्हणून विकली जाणारी वनौषधी पूड सुरू करायची. काही पक्षी उभे राहतात, काही मरतात, बॅच निघून जाते, आणि पुढच्या बॅचला पुन्हा तेच घडते. एखाद्या बॅचपुरता प्रश्न असता तर हॅचरीकडे किंवा खाद्याच्या एखाद्या लॉटकडे बोट दाखवून मोकळे होता आले असते. तो पुन्हा पुन्हा येतो, याचा अर्थ कारण शेडच्या व्यवस्थेत किंवा खाद्याच्या साखळीत मुक्कामाला आहे आणि पुडीने ते हललेले नाही.

एक दिवसाचे ४० ते ४५ ग्रॅमचे पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. मांस या वेगाने वाढते, पण त्याचा भार पेलणाऱ्या हाडाला घट्ट होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पुरेसे व योग्य प्रमाणातले खनिज, चालण्यामुळे हाडावर पडणारा ताण, आणि खनिज साठायला वेळ. यांपैकी पहिली गोष्ट खाद्यातून येते, दुसरी आणि तिसरी शेडमधून. वनौषधी या तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट स्वतः पुरवत नाहीत. फार तर त्यांच्या उपयोगाला थोडा हातभार लावतात. म्हणून तपासणीचा क्रम हाड, शेड, खाद्य आणि सर्वांत शेवटी पूड असाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हाड पाहावे

"पाय पडले" हे केवळ लक्षण आहे, आणि त्यामागे किमान पाच-सहा वेगवेगळे विकार असू शकतात, ज्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. सकाळी मेलेला पक्षी उघडून फारसे कळत नाही. लंगडणारे पण जिवंत असे तीन-चार पक्षी निवडून पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे, आणि तुलनेसाठी त्याच शेडमधला चांगला चालणारा एक पक्षीही द्यावा, कारण निरोगी हाड शेजारी असल्याशिवाय बिघडलेले हाड नेमके किती बिघडले आहे हे नजरेला समजत नाही.

पहिली परीक्षा नडगीच्या हाडाची, म्हणजे टिबियाची. हाड स्वच्छ करून दोन्ही हातांनी वाकवले असता निरोगी हाड कट्‌ असा आवाज करून तुटते. ते हिरव्या काडीसारखे वाकून राहिले, चोचही दाबल्यावर लवचीक लागली आणि बरगड्यांच्या सांध्यांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर तो मुडदूस आहे. म्हणजे कॅल्शियम, फॉस्फरस किंवा डी३ जीवनसत्त्व यांपैकी काहीतरी कमी पडले आहे किंवा त्यांचे परस्पर प्रमाण चुकले आहे.

दुसरी परीक्षा त्याच हाडाच्या वरच्या टोकाची. गुडघ्याकडचे टोक धारदार सुरीने उभे चिरावे. निरोगी पक्ष्यात वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून लांबीने वाढते तो कूर्चेचा थर, पातळ आणि सारख्या जाडीची दिसते व तिच्याखाली लगेच लालसर हाड सुरू होते. तिथे पट्टीच्या खाली पांढरट, अपारदर्शक कूर्चेचा त्रिकोणी गोळा हाडात घुसलेला दिसला, तर तो टिबियल डिस्कॉन्ड्रोप्लासिया आहे. यात कूर्चेपर्यंत रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत, म्हणून तिचे हाड होत नाही. वेगाची वाढ, कॅल्शियमच्या मानाने जास्त फॉस्फरस, खाद्य-पाण्यातले जास्त क्लोराइड आणि फ्युजेरियम बुरशीची काही विषे ही त्याची जाणती कारणे आहेत. अशा पक्ष्याला वरून कॅल्शियम पाजून तो गोळा विरत नाही.

तिसरी परीक्षा मांडीच्या हाडाची. खुब्याचा सांधा हळुवार उकलावा. हाडाचे गोल टोक काळपट, कुरतडल्यासारखे असेल, सहज चुरत असेल आणि आत पिवळसर द्रव्य असेल, तर तो जिवाणूंमुळे होणारा हाडाचा कुजवा आहे. स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकस सेकोरम हे जिवाणू त्यात सापडतात. असे पक्षी जिवंत असताना पंखांची टोके जमिनीवर टेकवून तोल सावरत चालतात. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मात्र जोर लावून सांधा उघडल्यास निरोगी हाडाची टोपीही निघून येते, त्यामुळे केवळ टोपी निघाली म्हणून निदान करू नये. आतल्या हाडाचा रंग आणि भुसभुशीतपणा पाहावा.

याशिवाय हॉकच्या, म्हणजे नडगीच्या खालच्या टोकाच्या सांध्यावर सूज आणि त्यामागची कंडरा तुटून हिरवट-निळसर डाग दिसत असेल तर रिओव्हायरसचा विचार करावा लागतो. कंडरा सांध्यावरून बाजूला घसरून पाय वळला असेल तर मँगेनीज आणि कोलीन यांची कमतरता तपासावी. पायाची बोटे आत मुडपलेली असतील तर रायबोफ्लेविन कमी आहे.

वय ही तितकीच मोठी साक्ष आहे. पहिल्या आठवड्यातच पाय फाकलेली पिल्ले दिसली तर ब्रुडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या काळात, गुळगुळीत वर्तमानपत्र जास्त दिवस राहिले का ते पाहावे. दहा ते अठरा दिवसांच्या दरम्यान त्रास सुरू झाला तर बहुधा मुडदूस किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असते. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कूर्चेचा विकार दिसतो, आणि त्यानंतर हाडाचा कुजवा व कंडरेचे आजार वाढतात. बॅचच्या वहीत मरतुकीसोबत "पायाने बसलेले" असा वेगळा रकाना ठेवून रोजचा आकडा लिहिला, तर दोन बॅचनंतर ही वही प्रयोगशाळेपेक्षा जास्त बोलते.

त्या रकान्याच्या शेजारी जागाही लिहावी. बसलेले पक्षी शेडभर सारखे विखुरलेले असतील आणि तेच खाद्य घेणाऱ्या शेजारच्या फार्मवरही तक्रार असेल, तर बोट खाद्याकडे जाते. ते ड्रिंकरच्या, म्हणजे पाणी पिण्याच्या साधनांच्या ओळीखाली, पडद्याच्या ओल्या बाजूला किंवा शेडच्या एकाच टोकाला जास्त असतील, तर खाद्याला दोष देण्याआधी शेड पाहावे.

शेड: इथे सगळ्यात जास्त हाती लागते

करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात, आणि त्यात शेतकऱ्याला फारसा शब्द नसतो. गादी (जमिनीवरचे अंथरूण), उजेड, जागा आणि हवा मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतात. सुदैवाने पायांच्या प्रश्नात हीच बाजू वजनदार आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी १७६ कळपांतील सुमारे ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साधारण ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांची चाल खराब होती आणि ३.३ टक्क्यांना जवळजवळ चालताच येत नव्हते. पक्ष्याचे वय आणि जात यांच्याबरोबरच अंधाराचा कमी कालावधी, जास्त दाटी आणि अखंड पेलेट (दाबून केलेल्या गोळ्यांचे) खाद्य या गोष्टी खराब चालीशी जोडलेल्या आढळल्या. तिथली बंद, नियंत्रित शेडे आणि आपली जाळी-पडद्यांची शेडे यांत फरक आहे हे मान्य. पण हाड तेच आहे आणि पक्ष्यांचे वाणही बरेचसे त्याच वंशावळीतले आहेत.

उजेडाविषयी आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहे. रात्रभर दिवे ठेवले की पक्षी रात्रभर खातो आणि वजन वाढते, हे पहिल्या आठवड्यापुरते ठीक आहे. त्यानंतर सलग अंधार मिळाला तर पक्षी शांत बसतो, वाढीचा सुरुवातीचा वेग किंचित मंदावतो, हाडाला खनिज साठवायला अवधी मिळतो, आणि उजेड झाल्यावर तो अधिक चालतो. शेवटच्या वजनात सुरुवातीची तूट बहुतांशी भरून निघते. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमावलीत चोवीस तासांत एकूण सहा तास अंधार आणि त्यातला किमान चार तास सलग, असे बंधन घातलेले आहे. आपल्या शेडमध्ये सातव्या-आठव्या दिवसापासून चार तासांचा सलग अंधार ठेवण्यास काहीच खर्च येत नाही, उलट विजेचे बिल वाचते.

अडचण येते ती नागपूरच्या उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुपारी खाद्य उचलावेच लागते, अन्यथा उष्माघाताने पक्षी मरतात. मग पक्षी खाणार कधी, तर रात्री. आणि रात्री अंधार करा म्हटले की कुक्कुटपालकाला ते पटत नाही, ते स्वाभाविकच आहे. यावर तोडगा असा की अंधार रात्रीच्या पहिल्या भागात द्यावा, साधारण आठ ते बारा, जेव्हा पत्रे अजून तापलेले असतात आणि पक्षी तसाही धापा टाकत बसून असतो. मध्यरात्रीनंतर, हवा उतरल्यावर, दिवे लावावेत आणि सकाळपर्यंत पोटभर खाऊ द्यावे. दिवे लावण्यापूर्वी सर्व फीडर भरलेले असले पाहिजेत, नाहीतर उपाशी पक्षी एकाच फीडरवर तुटून पडतात, एकमेकांच्या पाठीवर चढतात, आणि त्या ओरखड्यांतून जिवाणू शरीरात शिरतात.

गादीसाठी मौदा-रामटेकपासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या धानपट्ट्यातले तूस आपल्याला सहज मिळते, आणि ते उत्तम आहे, फक्त ते कोरडे आणि बुरशीविरहित हवे. उन्हाळ्यात दोन इंच, हिवाळ्यात तीन इंच जाडी पुरते. ओल मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. ड्रिंकरपासून हातभर अंतरावरचे मूठभर तूस घेऊन घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर ओल योग्य आहे, साधारण २० ते २५ टक्के. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. गोळाच झाला नाही आणि धूळ उडाली तर ती फार कोरडी आहे. ही तपासणी शेडच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंनाही करावी, कारण पावसाळी वाऱ्याच्या बाजूचा पडदा गळत असतो आणि ते आपल्याला कोरड्या मध्यभागातून फिरताना कळत नाही.

ओल्या गादीचा हाडाशी संबंध दुहेरी आहे. तळव्याला जखमा झाल्या की पक्षी दुखण्यामुळे बसून राहतो, हाडावर ताण पडत नाही, आणि ताण न पडलेले हाड कमकुवत राहते. दुसरे म्हणजे जखमेतून आणि बिघडलेल्या आतड्यातून जिवाणू रक्तात जातात व मांडीच्या हाडाच्या वाढपट्टीत पडलेल्या सूक्ष्म चिरांमध्ये ठाण मांडतात. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन यांच्या गटाने तारेच्या जाळीवर ब्रॉयलर वाढवून हा आजार मुद्दाम घडवण्याची पद्धतच बसवली होती. डगमगत्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या पक्ष्यांच्या हाडांवर पडणारा वेडावाकडा ताण आणि त्याला जोडून येणारे जिवाणू, एवढे दोन घटक त्यासाठी पुरेसे ठरले. पिंजऱ्यात किंवा जाळीवर ब्रॉयलर वाढवण्याचा विचार करणाऱ्यांनी ही बाब आधी लक्षात घ्यावी.

गादी ओली झाली की त्यावर चुना टाकण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. रिकाम्या शेडमध्ये चुना योग्य आहे, पण पक्षी आत असताना तो टाकला की गादीचा अल्कधर्म वाढतो आणि अमोनिया उलट जास्त सुटतो. ओला थर काढून बाहेर टाकणे, खालून कोरडे तूस भरणे, रोज सकाळी गादी खालीवर करणे आणि पाण्याच्या नळीवरचे गळणारे निपल बदलणे, हे कंटाळवाणे काम चुन्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. आपल्या भागातल्या बोअरचे पाणी जड असते, त्यातल्या क्षारांनी निपलची पिन अडकते आणि थेंब थेंब गळती सुरू होते. ओल्या गादीचे मूळ अनेकदा तिथेच सापडते.

जागेच्या बाबतीत उघड्या शेडमध्ये दर पक्ष्याला एक चौरस फूट आणि उन्हाळ्यात सव्वा चौरस फूट हा हिशेब पाळावा. पक्ष्यांनी चालावे म्हणून शेडमध्ये चार-पाच इंच उंचीचे रुंद लाकडी ओटे ठेवण्याचा उपयोग होतो. काही जण सोयाबीनच्या कुटाराचे गठ्ठे ठेवतात. कल्पना चांगली आहे, परंतु पावसाळ्यात कुटाराला बुरशी लागते, म्हणून तेव्हा तो मोह टाळावा.

खाद्यात काय पाहावे

स्वतः खाद्य बनवणाऱ्यांनी सुरुवातीच्या खाद्यात कॅल्शियम ०.९ ते १.० टक्के आणि उपलब्ध फॉस्फरस ०.४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण दोनास एक हे प्रमाण राखावे. धान्य आणि पेंडीतला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि फायटेज विकराशिवाय तो पक्ष्याच्या फारसा कामी येत नाही, त्यामुळे "एकूण फॉस्फरस" या आकड्यावर समाधान मानू नये. डीसीपीमध्ये (डायकॅल्शियम फॉस्फेट) चुनखडीची भेसळ असल्यास फॉस्फरस कमी भरतो आणि कॅल्शियम वाढते, म्हणजे प्रमाण दोन्ही बाजूंनी बिघडते. चमचाभर डीसीपी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकल्यावर ते जोरात फसफसले तर संशय घ्यावा. खात्री मात्र प्रयोगशाळेतच करून घ्यावी.

आता पावसाळ्यात तक्रार का वाढते, या मुद्द्याकडे यावे लागते. मका ओलसर असतो, बुरशी लागते, आणि अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवून चरबीचे व तिच्यासोबत डी३ जीवनसत्त्वाचे शोषण व रूपांतर कमी करते. हे सर्वांना ठाऊक असते. दुसरे कारण सहसा कोणी पाहत नाही. मे महिन्यात जीवनसत्त्वांचे प्रिमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायचे तयार मिश्रण, पत्र्याच्या गोदामात, खनिज मिश्रण आणि कोलीन क्लोराइडच्या पोत्यांना लागून पडलेले असते. तिथली उष्णता आणि कोलीनने ओढलेला ओलावा यांत जीवनसत्त्वांची ताकद घटते, आणि तेच प्रिमिक्स जून-जुलैच्या खाद्यात जाते. कागदावर सूत्र बरोबर असते, पक्ष्यापर्यंत जीवनसत्त्व पोहोचत नाही. प्रिमिक्स थंड खोलीत, कोलीनपासून वेगळे, आणि महिन्याभराच्या गरजेपुरतेच ठेवावे. विदर्भातले ऊन कितीही कडक असले तरी पत्र्याखालच्या पक्ष्याच्या अंगात त्याने डी जीवनसत्त्व तयार होत नाही. ते सगळे खाद्यातूनच यावे लागते, आणि तेही डी३ रूपातच, कारण वनस्पतिजन्य डी२ कोंबडीला अत्यल्प उपयोगी पडते.

उन्हाळ्यात पाण्यातून अमोनियम क्लोराइड देण्याची प्रथा आहे. धापांमुळे रक्तातले आम्ल-अल्क संतुलन बिघडते ते सावरण्यासाठी ते ठीक, पण दिवसेंदिवस दिल्यास क्लोराइड वाढून कूर्चेच्या विकाराला निमंत्रण मिळते. कडक दुपारपुरते द्यावे आणि थांबवावे.

वनौषधी पूड: काय होते, काय होत नाही

शेवग्याच्या पाल्याच्या वाळलेल्या पुडीत साधारण दोन टक्के कॅल्शियम असते. शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅम, पालेभाज्यांच्या मानाने हे पुष्कळ आहे, म्हणून पाकिटावर "कॅल्शियमचा नैसर्गिक खजिना" असे लिहिलेले असते. आता हिशेब करावा. एक टन खाद्यात नऊ किलो कॅल्शियम लागते. टनामागे एक किलो पूड घातली तर त्यातून २० ग्रॅम मिळते. पाच किलो घातली तरी १०० ग्रॅम. उरलेले सगळे चुनखडी आणि डीसीपीनेच पुरवायचे आहे. हाडजोडी या वेलीचेही असेच. तिच्या कांडात कॅल्शियम आहे, पण त्यातले पुष्कळसे ऑक्झलेटच्या स्फटिकांत अडकलेले असते आणि ते सहज शोषले जात नाही. मोडलेले हाड सांधण्यासाठी हाडजोडीचा वापर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यातल्या संयुगांचा अस्थिपेशींवर परिणाम होतो असे प्रयोगांतून दिसलेही आहे. तरीही खनिज कमी पडलेल्या खाद्यात ती घालणे म्हणजे विटा नसताना गवंडी वाढवणे आहे.

मग वनौषधी निरुपयोगी आहेत का? तसेही नाही. हळद, लसूण, ओवा, आले यांचा मुख्य परिणाम आतड्यावर होतो. आतड्याची स्थिती सुधारली तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि डी३ यांचे शोषण सुधारण्यास वाव मिळतो आणि जिवाणू रक्तात शिरण्याचे प्रमाण घटू शकते. म्हणून ज्या फार्मवर कॉक्सिडिओसिस (आतड्याचा परजीवीजन्य आजार) किंवा पातळ विष्ठेची तक्रार पायांच्या तक्रारीआधी आठवडाभर येते, तिथे अशा पुडीचा फायदा दिसण्याची शक्यता जास्त. आवळ्यातल्या सी जीवनसत्त्वाचा उपयोग हाडातले कोलॅजन बनवताना होतो. कोंबडी ते स्वतःच्या शरीरात तयार करते, पण तीव्र उष्णतेत तिची स्वतःची निर्मिती पुरत नाही, म्हणून आवळ्याला उन्हाळ्यात अर्थ आहे, जानेवारीत फारसा नाही. नागपूरमध्ये संत्र्याच्या सालीची पूड फुकटात मिळते म्हणून तीही घातली जाते. सायट्रिक आम्ल खाद्यात काही टक्के दिल्यास फायटेटमधल्या फॉस्फरसचा उपयोग वाढतो हे खरे, परंतु वाळलेल्या सालीत तितके आम्ल नसते, आणि तिचे प्रमाण वाढवले की तंतू व कडवटपणा वाढून खाणे घटते.

एका गटाविषयी मात्र गंभीर सावधगिरी हवी. "हर्बल व्हिटॅमिन डी" या नावाने येणारी काही उत्पादने दिन का राजा म्हणजे सेस्ट्रम डाययुर्नम, किंवा दक्षिण अमेरिकेतील सोलॅनम ग्लॉकोफायलम या वनस्पतींपासून बनतात. त्यांत डी जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप ग्लायकोसाइडच्या स्वरूपात असते. ही खरोखर काम करणारी वनौषधी आहे आणि नेमके म्हणूनच ती जपून वापरायची. खाद्यातले साधे डी३ आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून सक्रिय होते, आणि किती बदलायचे हे मूत्रपिंड गरजेनुसार ठरवते. वनस्पतीतले सक्रिय रूप ही चौकी ओलांडून थेट आत येते. प्रमाण चुकले तर मूत्रपिंडात, हृदयात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते. या वनस्पती चरणाऱ्या जनावरांत हा आजार पूर्वीपासून माहीत आहे. पाकिटावर सक्रिय घटकाचे प्रमाण छापलेले नसेल तर असे उत्पादन घेऊ नये, आणि घेतले तर पाण्यातून डी३चे वेगळे औषध त्याच वेळी देऊ नये.

पुडीने फरक पडला की नाही हे ठरवताना एक फसगत हमखास होते. उग्र किंवा कडू पुडीचे प्रमाण जास्त झाले की पक्षी थोडे कमी खातात, वाढ मंदावते, आणि हलक्या पक्ष्याचे पाय साहजिकच चांगले राहतात. श्रेय पुडीला जाते. प्रत्यक्षात काम कमी खाण्याने केलेले असते, आणि त्यासाठी अंधाराचे चार तास फुकट उपलब्ध होते. म्हणून तुलना करायची तर एकाच हॅचच्या पिल्लांचे एकाच शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करावेत, खाद्य, गादी, दिवे सारखे ठेवावेत, एका भागाला पूड द्यावी, आणि पाचव्या आठवड्यात दोन्ही भागांतले पक्षी आधी तोलावेत, मगच चाल पाहावी. चालीसाठी १९९२ पासून वापरात असलेली शून्य ते पाच अशी श्रेणी आहे. शून्य म्हणजे निर्दोष चाल, पाच म्हणजे चालताच न येणे. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे पसरट टबात तीन सेंटिमीटर कोमट पाणी घेऊन पक्ष्याला एकेकटे उभे करणे. पक्ष्याला पाण्यात बसणे आवडत नाही, त्यामुळे पाय सक्षम असेल तर तो उभा राहतो, दुखत असेल तर लवकर बसतो. दहा मिनिटांपर्यंत वेळ नोंदवावी. दोन्ही भागांत वजन सारखे आणि उभे राहण्याचा वेळ वेगळा असेल, तर पुडीवर पुढचा पैसा घालावा.

चालू बॅच आणि नमुने

शेडमध्ये आत्ता पक्षी बसलेले असतील तर ते वेगळ्या कप्प्यात, कोरड्या जाड गादीवर, खाद्य-पाणी चोचीच्या उंचीला ठेवून हलवावेत. श्रेणी चार-पाचचे पक्षी रखडवत ठेवू नयेत. ते सुधारत नाहीत आणि उपासमारीने मरतात. निदान मुडदुसाचे असेल तर पाण्यातून डी३ आणि खाद्यातल्या कॅल्शियम-फॉस्फरसची दुरुस्ती यांनी लहान वयात लक्षणीय फरक पडतो. जिवाणूंचा आजार असेल आणि पशुवैद्यकाने टेट्रासायक्लिन किंवा एनरोफ्लॉक्सासिन लिहून दिले असेल, तर त्या दिवसांत लिक्विड कॅल्शियम पूर्ण बंद ठेवावे. ही औषधे कॅल्शियमशी बांधली जातात आणि मग ना औषध लागू पडत ना कॅल्शियम. दोन्ही एकाच टाकीत ओतलेली मी अनेक फार्मवर पाहतो. जड पाण्यातही हाच त्रास थोड्या प्रमाणात होतो, म्हणून औषधासाठी शक्य तर साठवलेले पावसाचे किंवा मऊ पाणी वापरावे. विक्रीपूर्वी औषधाचा विश्रांतिकाळ, म्हणजे शेवटचा डोस आणि विक्री यांमधले ठरलेले दिवस, पाळणे आवश्यकच आहे.

महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही आपल्या शहरातच असल्यामुळे नमुन्यांसाठी दूर जावे लागत नाही. जाताना लंगडे तीन-चार आणि निरोगी एक असे जिवंत पक्षी, सध्या चालू असलेल्या खाद्याचा वेगवेगळ्या पोत्यांतून मिसळलेला अर्धा किलो नमुना, मका स्वतंत्र पिशवीत, आणि वापरत असलेल्या पुडीचे मूळ पाकीट न्यावे. हाडातील राखेचे प्रमाण काढून द्यावे अशी विनंती करावी. चरबीमुक्त कोरड्या टिबियात ते साधारण ५० टक्क्यांच्या आसपास असते, परंतु पद्धतीनुसार आकडा बदलतो, म्हणून निरोगी पक्ष्याच्या हाडाशीच तुलना मागावी. सोबत वहीतली "पायाने बसलेले" या रकान्याची पाने न्यावीत. कोणत्या दिवशी, शेडच्या कोणत्या भागात, किती पक्षी, हे तिथे पहिल्यांदा विचारले जाते.